जुळवलेला कॉम्प्युटर सुरूच होत नाही: भिंतीपासून मदरबोर्डापर्यंतचा शोध

स्वतःच्या हाताने जुळवलेल्या कॉम्प्युटरचं बटण पहिल्यांदा दाबलं आणि तो ढिम्म राहिला, तर पोटात गोळा येतोच. एकेक भाग निवडून, पैसे जमवून आणलेला असतो, रात्र जागून बसवलेला असतो आणि मनात एकच विचार येतो: मदरबोर्ड जळाला, म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात तो मुख्य बोर्डच गेला. अशा वेळी लगेच काही उपसायला घेऊ नका. आजवर माझ्यासमोर अशी जी मशीन आली, त्यांतल्या बहुतेकांत काहीच जळलेलं नव्हतं. एखादी केबल अर्धवट बसलेली, एखादी लावायचीच राहून गेलेली, रॅमचं एक टोक वर राहिलेलं, असंच काहीतरी निघालं.

खरं नुकसान होतं ते नंतरच्या घाईत. रॅम काढली, दुसऱ्याच स्लॉटमध्ये घातली, तेवढ्यात प्रोसेसरही उचलून पाहिला, मित्राचा पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज सगळ्या भागांना पुरवणारा डबा) आणून लावला आणि केबल मात्र आपल्याच ठेवल्या. आता मूळ दोष कोणता आणि आपण नव्याने घातलेला कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आपणही जायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं, काय दिसलं हे कागदावर टिपून ठेवायचं.

आधी लक्षण ओळखा

"सुरू होत नाही" असं सगळेच म्हणतात, पण त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

१. बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही.
२. पंखे क्षणभर हलतात आणि लगेच थांबतात.
३. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच राहतो.
४. मशीन सुरू होतं, काही सेकंदांत बंद पडतं, पुन्हा आपोआप सुरू होतं आणि हे चक्र चालूच राहतं.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून, खोलीतला दिवा थोडा मंद करून एकदा बटण दाबा आणि नीट बघा. मोबाइलवर व्हिडिओ घेतलात तर फार उत्तम. प्रोसेसरचा पंखा पाव वळसा फिरून थांबला की जागचा हललाच नाही, मदरबोर्डच्या कोपऱ्यात एखादा दिवा लुकलुकला का, हे डोळ्यांतून निसटतं आणि व्हिडिओत सापडतं. पुढचा निम्मा शोध याच निरीक्षणावर अवलंबून असतो.

बटण दाबल्यावर आत काय घडतं

हे एकदा समजून घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या तुम्हाला आपल्या आपणच सुचतील, म्हणून इथे जरा थांबतो.

कॅबिनेटवरचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं नाही. त्यातून कॉम्प्युटरची वीज जातच नाही. फार जुन्या, एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये भिंतीतली वीज थेट समोरच्या बटणापर्यंत यायची. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही पद्धत आणली आणि तेव्हापासून बटणाचं काम फक्त निरोप देण्याचं राहिलं.

क्रम असा असतो. पॉवर सप्लायच्या मागचं बटण चालू केलं की बाकी सगळं झोपलेलं असतानाही एक ५ व्होल्टची वाट जागी राहते. पारंपरिक रंगांत ही जांभळी तार. या तुटपुंज्या विजेवर मदरबोर्डचा एक छोटा भाग पहारा देत बसलेला असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. मदरबोर्डला निरोप पोचतो आणि तो पॉवर सप्लायकडून आलेली हिरवी तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडतो. ते कळताच पॉवर सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य वाटा उघडतो. व्होल्टेज स्थिर झालं, की १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत तो करड्या तारेवरून "सगळं ठीक" असा इशारा देतो. मगच प्रोसेसर कामाला लागतो, बायोस (मदरबोर्डमध्येच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम) वाचतो, रॅम तपासतो, ग्राफिक कार्ड शोधतो आणि शेवटी डिस्ककडे वळतो.

आता वरची चार लक्षणं या साखळीवर ठेवून बघा. काहीच होत नसेल तर दोष भिंत, जांभळी तार, बटण किंवा हिरव्या तारेच्या आसपास. क्षणभर सुरू होऊन थांबत असेल तर निरोप पोचला, पण पॉवर सप्लायला किंवा बोर्डला काहीतरी धोक्याचं दिसलं. पंखे फिरत असतील आणि चित्र नसेल तर शोध प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्डकडे न्यायचा. चौथ्या लक्षणातलं बंद-चालूचं चक्र बहुतेकदा रॅम किंवा प्रोसेसरच्या वीज-केबलपाशी येऊन थांबतं.

हात घालण्यापूर्वी

भिंतीतला प्लग काढा. नंतर कॅबिनेटचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या धातूला बोट लावा. सतरंजीवर किंवा गालिच्यावर बसून काम करू नका, अंगातला लोकरीचा स्वेटर काढून ठेवा. अंगावर साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही एवढी कमी असली तरी चिपला ती पुरेशी असते.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. माणसाचा जीव जाऊ शकतो. त्या डब्याची तपासणी फक्त बाहेरून.

पहिली पायरी: भिंत ते पॉवर सप्लाय

ज्या सॉकेटमध्ये प्लग आहे तिथे टेबल लॅम्प किंवा चार्जर लावून वीज येते का बघा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही तात्पुरते बाजूला ठेवा, कॉम्प्युटर थेट भिंतीला जोडा. एक्स्टेंशनचा फ्यूज उडालेला असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मॉनिटरची केबल आणि कॉम्प्युटरची केबल बहुतेकदा एकाच प्रकारची असते. तसं असेल तर अदलाबदल करून केबलचाही निकाल लावून टाका. नवी केबल पॉवर सप्लायच्या मागे बऱ्यापैकी घट्ट जाते, ती शेवटचे दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिली तरी वरून बसल्यासारखीच दिसते.

पॉवर सप्लायच्या मागच्या बटणावर एक रेघ आणि एक गोल असतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. रेघेची बाजू आत दाबलेली हवी. भाग बसवताना आपणच हे बटण बंद केलेलं असतं आणि शेवटी तेच विसरतं.

जुना पॉवर सप्लाय वापरत असाल तर मागे ११५ आणि २३० लिहिलेली एक लाल पट्टी आहे का तेही बघा. २३० व्होल्टच्या विजेवर ती ११५ वर ठेवून चालू केली तर पॉवर सप्लाय तिथेच फुटतो. उलट चूक असेल तर तो नुसताच सुरू होत नाही. नव्या पॉवर सप्लायमध्ये बहुधा ही पट्टीच नसते, ते दोन्ही व्होल्टेज आपणहून ओळखतात.

दुसरी पायरी: बोर्डवरचा दिवा

मागचं बटण चालू करा, पण समोरचं दाबू नका. बऱ्याच मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लगेच लागतो, काहींवर शोभेची रोषणाई मंद उजळते, नेटवर्क केबल जोडलेली असेल तर तिथलाही दिवा लागू शकतो. यांतलं काहीही दिसलं तर जांभळ्या तारेची ५ व्होल्ट वीज बोर्डपर्यंत पोचते आहे, म्हणजे भिंत, केबल आणि पॉवर सप्लायचा काही भाग तरी ठीक आहे. दिवा नसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, सगळ्या बोर्डवर तो असतोच असं नाही. माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

तिसरी पायरी: दोन मुख्य केबल

मदरबोर्डला वीज दोन ठिकाणांहून लागते आणि नवख्यांना त्यांतली एकच ठाऊक असते.

पहिली म्हणजे २४ पिनांची रुंद केबल, बोर्डच्या उजव्या कडेला. ही बसवताना बरीच ताकद लागते आणि बोर्ड थोडा वाकतो, त्यामुळे माणूस घाबरून मधेच थांबतो. बोर्डची कड खालून एका हाताच्या बोटांनी धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कनेक्टर आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला दाबा. पूर्ण बसला की "टक्" असा आवाज येतो आणि कनेक्टरवरची चाप बोर्डच्या सॉकेटवरच्या उंचवट्याखाली अडकते. ती चाप बाजूने डोळा लावून बघा. चाप उंचवट्याच्या वर टेकलेली असेल तर केबल बसलेली नाही, मग ती कितीही घट्ट लागो. काही केबलमध्ये २० आणि ४ पिनांचे दोन तुकडे असतात. ते आधी एकमेकांत अडकवून एकदमच बसवा.

दुसरी केबल प्रोसेसरची. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्यांच्या आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या आड, ८ पिनांचं सॉकेट असतं. ही केबल नसली तर पंखे फिरतात, दिवेही लागतात आणि पुढे काहीच होत नाही, किंवा मशीन सुरू होऊन लगेच बंद पडतं. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवल्यावर तिथे हात पोचत नाही म्हणून ती "नंतर लावू" असं म्हणून राहते. मी ही केबल नेहमी बोर्ड स्क्रूने आवळण्याआधी त्या कोपऱ्यातून वर ओढून ठेवतो.

इथे एक धोका आहे. ग्राफिक कार्डची ८ पिनांची केबल दिसायला हिच्यासारखीच असते. प्रोसेसरची केबल मधोमध ४ आणि ४ अशी दुभंगते, ग्राफिक कार्डची ६ आणि २ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत ते चुकीची केबल जाऊ नये म्हणूनच, पण जोर लावणारा माणूस तीही घुसवतो. जात नसेल तर जोर करू नका, केबलवरची अक्षरं वाचा.

मॉड्यूलर पॉवर सप्लाय असेल, म्हणजे केबल डब्यापासून सुट्या होत असतील, तर डब्याच्या बाजूचंही टोक तपासा. आणि दुसऱ्या पॉवर सप्लायच्या केबल त्याला कधीही लावू नका, कंपनी एकच असली तरी. बोर्डकडच्या टोकाचा नियम सगळीकडे एक आहे, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनेतून काय यायचं हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. केबल चपखल बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क क्षणात मरते. हे मी पाहिलेलं आहे, आणि त्या डिस्कवर दुसरी प्रत नसलेले फोटो होते.

चौथी पायरी: बटणाला वगळून बघा

कॅबिनेटच्या समोरच्या भागातून येणाऱ्या बारीक तारांचा जुडगा बोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जातो. तिथे पिनांच्या दोन ओळी असतात आणि त्या इतक्या लहान असतात की एका पिनेने चूक होणं सहज शक्य आहे. बटणाच्या दोन तारा उलटसुलट लावल्या तरी चालतं, दिव्यांच्या तारांना मात्र अधिक-उणे असतं.

बटण दोषी आहे का हे ओळखायला त्या कोपऱ्यातल्या सगळ्या तारा काढून ठेवा. माहितीपुस्तिकेतल्या आकृतीवरून पॉवर बटणाच्या नेमक्या दोन पिना शोधा. बोर्डवरही बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पण टॉर्च घेऊन आकृतीशी ताडून बघितलेलं बरं. आता प्लग लावा, मागचं बटण चालू करा आणि छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन्ही पिनांना एकदम टेकवा. अर्धा सेकंद पुरे. टेकवा आणि उचला. या पिनांवर अगदी क्षीण वीज असते, त्यामुळे शॉक बसण्याची भीती नाही. पण टोक घसरून शेजारच्या पिनांना लागू देऊ नका. हात थरथरत असेल तर मनगट कॅबिनेटच्या कडेवर टेकवून मग टोक खाली आणा.

मशीन सुरू झालं तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे, बाकी सगळं ठणठणीत. नवं कॅबिनेट येईपर्यंत एक सोपी युक्ती आहे: रीसेट बटणाची तार पॉवरच्या पिनांवर लावा. दोन्ही बटणं एकाच जातीची असतात, त्यामुळे रीसेट बटणानेच कॉम्प्युटर सुरू करता येतो.

पाचवी पायरी: पॉवर सप्लाय एकटा तपासा

पिना टेकवूनही काही झालं नाही, तर पॉवर सप्लायला बोर्डपासून पूर्ण वेगळं करा. डिस्क, ग्राफिक कार्ड, पंखे, सगळ्या केबल काढा. भिंतीतला प्लगही काढलेला हवा.

आता २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार शोधा, ती १६ क्रमांकाच्या पिनेवर असते. तिच्या दोन्ही बाजूंना, १५ आणि १७ वर, ग्राउंड आहे, म्हणजे जुन्या रंगांत काळी तार. हल्ली सगळ्याच तारा काळ्या येतात, म्हणून रंगावर विसंबू नका. चाप असलेल्या ओळीत १३ ते २४ क्रमांक असतात, त्या ओळीतली चौथी पिन म्हणजे १६. कुठल्या टोकापासून मोजायचं हे पॉवर सप्लायच्या आकृतीवरून पक्कं करा. वेष्टन असलेल्या तारेचा तुकडा घेऊन, किंवा कागदाला लावायची सरळ केलेली पिन मधे चिकटपट्टी गुंडाळून, हिरवी आणि शेजारची ग्राउंड जोडा. मग हात बाजूला घ्या, प्लग लावा आणि मागचं बटण चालू करा.

पंखा फिरू लागला तर पॉवर सप्लाय निरोप ऐकतो आहे. फिरला नाही तर मेलाच असं मात्र समजू नका. बऱ्याच नव्या पॉवर सप्लायमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. अशा वेळी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, उपयोगी पडतो. ठरलेल्या व्होल्टेजपासून ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे १२ व्होल्टच्या वाटेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ व्होल्टवर साधारण ३.१४ ते ३.४६ एवढं दिसायला हवं. मीटर नसेल तर कॅबिनेटचा एखादा पंखा किंवा निरुपयोगी जुनी डिस्क जोडून ती फिरते का बघा.

ही चाचणी पॉवर सप्लाय बिघडलेला आहे हे खात्रीने सांगते, पण चांगला आहे हे खात्रीने सांगत नाही. भार नसताना बरोबर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय ग्राफिक कार्ड वीज ओढायला लागल्यावर कोसळू शकतो. तेव्हा इथे पास झाला तरी त्याचं नाव कागदावरून खोडू नका.

क्षणभर सुरू होऊन थांबत असेल तर

हे लक्षण म्हणजे पॉवर सप्लायने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेणं असू शकतं. कुठेतरी शॉर्ट आहे असं दिसलं की तो मुख्य वाटा बंद करतो आणि अडून बसतो. असा अडलेला पॉवर सप्लाय पुन्हा बटण दाबून हलत नाही. मागचं बटण बंद करून, प्लग काढून दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. हे ठाऊक नसलं की दोष दूर केल्यानंतरही मशीन मेलेलं वाटतं आणि माणूस बरोबर केलेली दुरुस्ती पुन्हा उलटी करतो.

शॉर्टची सगळ्यात मोठी शंका मदरबोर्डच्या पाठीवर घ्यायची. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटू नये म्हणून खाली पितळी खुंट्या असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डला साधारण ९ भोकं असतात, लहान बोर्डला कमी, आणि त्यांच्या जागाही थोड्या बदलतात. प्रत्येक भोकाखाली एक खुंटी हवी आणि जिथे भोक नाही तिथे एकही नको.

माझ्या भाच्याने त्याचं पहिलं मशीन जुळवलं तेव्हा प्रोसेसरचा पंखा पाव वळसा फिरून थांबायचा. सगळ्या केबल दोनदा बघून झाल्या. शेवटी बोर्ड बाहेर काढून त्याच्या खोक्यावर ठेवला आणि पिना टेकवल्या, तर पंखा छान फिरू लागला. पुन्हा आत बसवला, पुन्हा तेच. मग मी बोर्ड उलटा करून टॉर्च तिरकी धरली. मधल्या भागात, सोल्डरच्या बारीक टोकांच्या गर्दीत, एक चकचकीत गोल ओरखडा दिसला. कॅबिनेटमध्ये आधीच्या मोठ्या बोर्डसाठी लावलेली एक खुंटी तशीच राहिली होती आणि तिचं टोक बरोबर तिथे टेकत होतं. ती पक्कडीने काढली. बोर्डला काहीही झालेलं नव्हतं, पॉवर सप्लायने वेळेत वीज तोडून त्याला वाचवलं होतं. तो ओरखडा बघितल्यापासून मी कुठलंही कॅबिनेट उघडलं की सगळ्यात आधी खुंट्या मोजतो.

खुंट्या ठीक असतील तर आत पडलेला एखादा स्क्रू शोधा. कॅबिनेट उचलून हळूच तिरपं केलं की तो खुळखुळतो. समोरच्या यूएसबीच्या रुंद कनेक्टरमधली वाकलेली पिनही शॉर्ट करू शकते. तो काढून एकदा मशीन सुरू करून बघा.

सहावी पायरी: सगळं बाहेर, खोक्यावर

इथवर काहीच सापडलं नसेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढायची वेळ आली. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी नाही.

मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच्यावरच तो ठेवा. सोबतच्या चंदेरी पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. बोर्डवर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवा. डिस्क नको, यूएसबीला काही नको. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसेल तरच ग्राफिक कार्ड लावा आणि ते आडवं होणार नाही असा आधार द्या. दोन्ही वीज-केबल जोडा, पिना टेकवा.

सुरू झालं तर आता एकेक भाग वाढवत न्या: दुसरी रॅम, मग ग्राफिक कार्ड, मग डिस्क, मग कॅबिनेट. प्रत्येक वेळी आधी वीज पूर्ण बंद करा, भाग लावा, पुन्हा सुरू करा. ज्या भागाशी मशीन पुन्हा अडेल तो भाग, किंवा त्याची केबल, आपला गुन्हेगार.

पंखे फिरतात, पण मॉनिटर काळा

आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ग्राफिक कार्ड असेल तर ती कार्डलाच हवी, मदरबोर्डच्या मागच्या सॉकेटला नको. उलट, कार्ड नसेल तर प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक आहे का तपासा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यांत ते नसतं. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००एक्समध्येही नाही. अशा प्रोसेसरवर कार्डाविना चित्र कधीच येणार नाही, दोष काहीही नसला तरी.

नंतर बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत का शोधा. त्यांच्याशेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो तिथे तपासणी अडली आहे. एवढी सरळ माहिती बोर्ड स्वतःहून देतो आणि पुष्कळ जण ती बघतच नाहीत.

रॅमपाशी अडत असेल तर दोन्ही पट्ट्या काढा, एकच लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, म्हणजे ए२, एकट्या पट्टीसाठी योग्य. दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, खटका मिटायला हवा. काही बोर्डवर खटका एकाच बाजूला असतो आणि दुसरं टोक वर राहिलेलं लक्षातच येत नाही. एक पट्टी चालली नाही तर दुसरी लावून बघा.

डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असेल तर एक सांगणं कळकळीचं आहे: पहिल्या वेळी थांबा. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर मॉनिटर काळाच राहतो. १० ते १५ मिनिटं हात लावू नका. दर मिनिटाला बंद-चालू करणारा माणूस ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू करायला लावतो.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर बायोसची आवृत्ती हे एक कारण असू शकतं. रायझन प्रोसेसरसाठीचे बी४५० चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य चिपचा प्रकार) बोर्ड २०१८ मध्ये आले आणि रायझन ५००० मालिका २०२० मध्ये. तेव्हा जुन्या बायोसचा तो बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखणारच नाही. काही बोर्डवर मागे एक छोटं बटण असतं, त्याने पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येतो, प्रोसेसर चालू नसला तरी. पेन ड्राइव्ह ठरावीक सॉकेटमध्येच लावावा लागतो आणि फाइलचं नावही ठरावीक असतं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. हे चालू असताना वीज जाऊ देऊ नका.

बायोसच्या सेटिंग पुसून बघणंही फायद्याचं ठरतं. प्लग काढून बोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडा. बॅटरी पुन्हा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर.

प्रोसेसर शेवटी का

प्रोसेसर उचलायचा तो अगदी शेवटी, कारण उचलण्यातच धोका आहे. एएमडीच्या एएम४ या सॉकेट-प्रकारात १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. पंखा सरळ वर ओढला तर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, म्हणून पंखा आधी हलके डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. एएमडीच्याच एएम५ आणि इंटेलच्या एलजीए१७०० या सॉकेट-प्रकारांत पिना सॉकेटमध्ये असतात, केसाइतक्या नाजूक. सॉकेटवर टॉर्च तिरपी धरून वेगवेगळ्या बाजूंनी बघा. सगळ्या पिनांची चमक एका ओळीत दिसली पाहिजे. एखादीची चमक रांग सोडून असेल तर ती वाकली आहे. पंखा काढलाच असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढली होती का, हेही बघून घ्या. ती राहिली तर मशीन सुरू होऊन तापून बंद पडतं.

दुकानात किंवा कंपनीकडे पाठवायचं ठरलं तर

पॉवर सप्लाय एकटा बरोबर चालतो, पिना टेकवून काही होत नाही आणि खोक्यावर ठेवूनही तेच, अशी नोंद तुमच्या कागदावर असेल तर बोट मदरबोर्डकडे जातं. पॉवर सप्लाय एकटाही हलत नसेल तर तोच बदला. जळका वास आला, एखादी चिप काळी किंवा कपॅसिटर फुगलेला दिसला, तर पुढच्या चाचण्या तिथेच थांबवा आणि तो भाग पुन्हा विजेला जोडू नका.

वॉरंटीसाठी देताना तुमचा तपासणीचा कागद सोबत द्या. त्याने समोरच्याचा वेळ वाचतो आणि "आधी केबल बघून या" हे उत्तर मिळत नाही. सॉकेटमधली वाकलेली पिन सुईने सरळ करायचा मोह होईल, पण बोर्ड वॉरंटीत असेल तर तिला हात लावण्याआधी विक्रेत्याशी बोला. आणि बोर्ड पाठवताना सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण परत लावा, लावण्यापूर्वी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. पुष्कळ कंपन्या झाकण नसलेला बोर्ड घेतच नाहीत, आणि वाटेत पिन वाकली तर ती तुमच्याकडून निघताना सरळ होती याचा तुमच्याकडे तो फोटो एवढाच पुरावा असतो.